फरशी वर आली, कमोडचे काय?

गणपती उठले की मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांमध्ये बाथरूमची कामे निघतात. दिवाळीला पाहुणे येण्याआधी नवी टाइल हवी असते, पण जुनी फरशी फोडायला कुणीच तयार नसते. फोडायची म्हणजे धूळ, डेब्रिजची पोती आणि हादऱ्याने एखादा जुना पाइप तडकण्याची भीती. म्हणून जुन्या टाइलवरच अॅडेसिव्ह लावून नवी टाइल बसवतात. जुनी फरशी पक्की असेल, कुठे पोकळ वाजत नसेल, तर या पद्धतीत काही गैर नाही. फक्त फरशी वर येते. टाइल 8 ते 10 मिलिमीटर आणि खालचे अॅडेसिव्ह 3 ते 6, म्हणजे दीड सेंटिमीटरच्या आसपास. गवंडी त्याला चार-पाच सूत म्हणतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

एवढ्याने काय बिघडणार, असे वाटते. बिघडते ते कमोडखाली.

एस-ट्रॅपच्या कमोडचे पाणी सरळ खाली, फरशीतल्या 110 मिलिमीटरच्या पाइपात उतरते. कमोडच्या शेपटीवर रबरी कनेक्टर चढवतात आणि त्याचे दुसरे टोक पाइपात घट्ट बसवतात. जुना कमोड उचलला की पाइपचे तोंड जुन्या टाइलच्या पातळीला दिसते. नवी टाइल लागली की तेच तोंड खड्ड्यात जाते आणि कनेक्टरला पुरेशी पकड मिळत नाही. घाईतला प्लंबर मग मधली फट व्हाइट सिमेंटने भरून टाकतो. दोन दिवस सगळे छान दिसते. पण सिमेंट लवचीक नसते. बसता-उठताना कमोड किंचित हलतो, सांध्याला केसाएवढी चीर पडते आणि प्रत्येक फ्लशचे थोडे पाणी खालच्या भरावात मुरू लागते. बऱ्याच इमारतींत बाथरूमचा स्लॅब फूटभर खाली घेऊन त्यात विटांचे तुकडे आणि कोबा भरलेला असतो. तो भराव महिनोन् महिने पाणी पितो. ओल खालच्या घराच्या छतावर उमटते, तीही अनेकदा पाइपपासून दूर, त्यामुळे मूळ जागा सापडता सापडत नाही.

यावर खरा उपाय एकच, पाइपही वर आणणे. टाइल लावण्याआधी पाइपभोवतीचा वीतभर कोबा काढून, त्याच व्यासाचा तुकडा कपलरने जोडून तोंड नव्या टाइलच्या पातळीला आणायचे, भोवती वॉटरप्रूफिंग करायचे आणि मगच टाइल लावायची. जुन्या इमारतीत पाइप बिडाचा असेल तर पीव्हीसीचे सॉल्व्हंट त्यावर चालत नाही. तिथे रबरी कपलर लागतो. काम चालू असताना पाइपच्या तोंडात बोळा घालतात, म्हणजे सिमेंट आत जात नाही. कमोड बसवण्याआधी तो काढला आहे ना, हे घरमालकाने स्वतः डोळ्यांनी पाहावे.

भिंतीकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही. तिच्यावरही नवी टाइल चढली की भिंत दीड सेंटिमीटर पुढे येते. बाजारातले एस-ट्रॅप कमोड साधारण 100, 225 किंवा 300 मिलिमीटर अंतराचे मिळतात आणि हे अंतर तयार भिंतीपासून पाइपच्या मध्यापर्यंत मोजायचे असते. 225 चे 210 झाले की टाकी टाइलला टेकते आणि कमोड पुढे ओढला जातो.

पी-ट्रॅपमध्ये उलटे घडते. भिंतीतला पाइप जागेवरच राहतो आणि कमोड वर चढतो. अशा वेळी दोन्ही तोंडे जोर लावून जुळवू नयेत, रबर मुरगळते. त्यासाठी ऑफसेट कनेक्टर मिळतो. भारतीय पद्धतीचे भांडे असेल तर ते काढून नव्या पातळीला बसवण्याला पर्याय नाही. नाहीतर भांडे खड्ड्यात राहते आणि कडेची घाण निघत नाही.

कमोड आधी नुसता ठेवून पाहावा. पाणसळ दोन्ही दिशांना लावावी, डुगडुगत असेल तर खाली पक्की पाचर द्यावी. डगमगणारा कमोड स्क्रू आवळून सरळ करायला गेले की चिनी माती तडकते. कडेने सिलिकॉन भरताना मागे थोडी जागा मोकळी सोडणे चांगले, म्हणजे सांधा गळलाच तर पाणी बाहेर दिसेल. नहाणी ट्रॅपची जाळीही वर घ्यावी लागते. फरशीचा ढाळ तिच्याकडे हवा आणि दारातला उंबरा नव्या फरशीपेक्षा उंच राहायला हवा, नाहीतर पाणी पॅसेजमध्ये येते.

अमेरिकेत घर घेतलेल्या मराठी कुटुंबांनाही हा प्रश्न चुकत नाही. तिथे कमोड फ्लँजवर बोल्टने बसतो, मधे मेणाची रिंग असते. फरशी वर आली की फ्लँजही रिंगा लावून तयार फरशीवर आणावी लागते. मेणाची जुनी रिंग पुन्हा वापरायची नसते.

महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार संडास, सिंक यांतून होणाऱ्या गळतीची दुरुस्ती त्या सभासदाने स्वखर्चाने करायची असते. तेव्हा टाइलचा रंग ठरवाल त्याच दिवशी प्लंबरलाही बोलवा, पाइपचे तोंड कुठे येणार ते त्याच्याकडून भिंतीवर खूण करून घ्या आणि सांधा झाकण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा.