विंडोज सर्व्हर : नावातले साल आणि आतला फरक

पतसंस्था असो, सीएचे कार्यालय असो की तालुक्याच्या गावातले पंचवीस खाटांचे रुग्णालय, आतल्या एखाद्या खोलीत एसीखाली एक सर्व्हर अखंड चालू असतो. त्यावर टॅली असते, बिलिंगचे सॉफ्टवेअर असते, स्कॅन केलेल्या कागदांचे फोल्डर असतात. हार्डवेअरवाल्याचे कोटेशन आले की चर्चा सुरू होते. एक जण म्हणतो, ‘चालतोय ना, मग हात लावू नका.’ दुसरा म्हणतो, ‘नवीन टाका आणि मोकळे व्हा.’ दोन्ही सल्ले अर्धवट माहितीवर उभे असतात. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज सर्व्हरच्या २००८, २००८ आर टू, २०१२, २०१२ आर टू, २०१६, २०१९, २०२२ आणि २०२५ या आवृत्त्यांबद्दल जे समज वारंवार ऐकू येतात, ते एकेक करून तपासून पाहू.

गैरसमज १ : नाव बदलते, आत सगळे तेच असते. ‘आर टू’ म्हणजे तर जुन्याचाच सर्व्हिस पॅक.

वस्तुस्थिती : २००८ आणि २००८ आर टू ही दोन वेगळी उत्पादने आहेत. पहिल्याचा गाभा विंडोज व्हिस्टाचा, दुसऱ्याचा विंडोज ७ चा. २००८ ही आवृत्ती ३२ बिट आणि ६४ बिट अशा दोन्ही रूपांत मिळत होती. आर टू फक्त ६४ बिटमध्ये आली. त्यामुळे ३२ बिटवाल्या २००८ वरून आर टूवर थेट अपग्रेड करताच येत नव्हते.

२०१२ मध्ये याहून मोठी झेप होती. २००८ आर टूच्या स्टँडर्ड आवृत्तीला ३२ जीबीपेक्षा जास्त रॅम वापरता येत नसे, त्यापुढे जायचे तर एंटरप्राइज घ्यावी लागे. २०१२ मध्ये एंटरप्राइज हा प्रकारच बंद झाला आणि स्टँडर्डची मर्यादा ४ टीबीवर गेली. याउलट २०१६ पासून २०२५ पर्यंत आतला आवृत्तीक्रमांक १०.० हाच आहे, फक्त बिल्ड बदलत गेला : १४३९३, १७७६३, २०३४८ आणि २६१००. म्हणजे नावातल्या सालांमधले अंतर सारखे दिसले तरी आतले बदल सारख्या मापाचे नाहीत. आपल्या सर्व्हरवर नेमके काय आहे ते पाहायचे असेल, तर ‘विनव्हर’ ही आज्ञा दिली की बिल्ड क्रमांक समोर येतो.

गैरसमज २ : मुदत संपली की सर्व्हर बंद पडतो. आमचा चालू आहे, म्हणजे मुदत आहे.

वस्तुस्थिती : मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशीही सर्व्हर आदल्या दिवशीसारखाच सुरू होतो. घोळ होतो तो यामुळेच. या आवृत्त्यांना साधारणपणे पाच वर्षे मुख्य आणि पुढची पाच वर्षे विस्तारित आधार मिळतो. मुख्य काळात सुधारणा येतात, विस्तारित काळात सुरक्षेचे पॅच येतात. त्यानंतर आपोआप काहीच येत नाही. जी नवी त्रुटी जगाला कळते, ती त्या यंत्रावर कायमची उघडी राहते.

तारखा अशा : २००८ आणि २००८ आर टू यांची मुदत १४ जानेवारी २०२० ला संपली. २०१२ आणि २०१२ आर टू यांची १० ऑक्टोबर २०२३ ला संपली. २०१२ आणि २०१२ आर टू यांच्यासाठी वाढीव सुरक्षा अपडेट जास्तीत जास्त १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत विकत घेता येतात. ॲझ्युर क्लाउडवर चालणाऱ्या यंत्रांना ते वेगळे पैसे न मोजता मिळतात. २०१६ ची विस्तारित मुदत १२ जानेवारी २०२७ पर्यंत, २०१९ ची ९ जानेवारी २०२९ पर्यंत आणि २०२२ ची १४ ऑक्टोबर २०३१ पर्यंत आहे. २०२५ ला २०३४ पर्यंत आधार आहे. सर्व्हरचे ‘वय’ मोजायचे तर खरेदीच्या बिलावरून मोजू नये, या तारखांवरून मोजावे.

गैरसमज ३ : आमचा सर्व्हर आतल्या नेटवर्कवर आहे, त्याला बाहेरून कोण हात लावणार?

वस्तुस्थिती : याचे उत्तर महाराष्ट्राने न्हावा शेव्याला पाहिले आहे. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाचा घातक प्रोग्राम युक्रेनमधून पसरला. त्याचा शिरकाव झाला तो तिथल्या ‘मी-डॉक’ या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे जाळे त्यात सापडले आणि तिच्या समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या जेएनपीटीतल्या गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलचे कामही कोलमडले. कंटेनर कुठे ठेवायचा, कोणत्या ट्रकवर चढवायचा, हे सांगणारी यंत्रणाच गेली.

नॉटपेट्या एका यंत्रावरून दुसऱ्यावर गेला त्याचा एक मार्ग होता एसएमबी १. फाइल शेअर करण्याची ही विंडोजची जुनी पद्धत. त्यातली त्रुटी बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ लाच दिला होता. पण या हल्ल्याला दुसरी वाटही होती. एका यंत्रावर ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड सापडला की तोच वापरून तो पॅच केलेल्या यंत्रांवरही जात असे. सगळीकडे एकच ॲडमिन पासवर्ड ठेवणाऱ्या कार्यालयांनी हा भाग दोनदा वाचावा. एक जुने, पॅच नसलेले यंत्र आपल्याबरोबर शेजारच्या नव्या यंत्रांनाही घेऊन बुडते.

गैरसमज ४ : मग नवीन आवृत्ती टाकली की सुरक्षेचा प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती : मे २०१९ मध्ये रिमोट डेस्कटॉपमध्ये ‘ब्लूकीप’ ही गंभीर त्रुटी उघड झाली. तिचा फटका २००३, २००८ आणि २००८ आर टू यांना होता. २०१२ आणि त्यापुढच्या आवृत्त्या तिच्यापासून मुक्त होत्या. इथवर ‘नवीन ते सुरक्षित’ हे म्हणणे खरे ठरले. तीनच महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, त्याच रिमोट डेस्कटॉपमध्ये ‘डेजाब्लू’ नावाने ओळखल्या गेलेल्या त्रुटी सापडल्या आणि त्यांत त्या वेळची सर्वांत नवी २०१९ ही आवृत्तीही होती. नव्या आवृत्तीत त्रुटी नसतात असे नाही. त्या सापडल्यावर दुरुस्ती मिळण्याची खात्री तेवढी असते, आणि ती दुरुस्ती लावण्याचे काम आपले असते.

नव्या आवृत्तीची खरी ताकद तिच्या मूळ सेटिंगमध्ये आहे. २०१६ मध्ये एसएमबी १ सुरू असलेलेच येत असे. २०१९ नव्याने इन्स्टॉल केली तर ते नसतेच. २००८ आर टूमध्ये टीएलएस १.२ ही वेब-संपर्काची सांकेतिक पद्धत मुद्दाम सुरू करावी लागे. २०२२ मध्ये टीएलएस १.३ आपोआप सुरू असते. २०२५ मधून लॉगिन तपासण्याच्या एनटीएलएम या पद्धतीचे पहिले, कमकुवत रूप काढूनच टाकले आहे. जाहिरातीत नव्या सोयींची यादी मोठी असते, पण लहान कार्यालयासाठी या बंद करून दिलेल्या जुन्या दारांचे मोल त्या यादीपेक्षा जास्त आहे.

मात्र यात एक अट आहे. जुन्यावरच अपग्रेड चढवले तर जुन्या सेटिंगही बऱ्याचदा सोबत येतात. तेव्हा २०२२ असे नाव झळकणाऱ्या सर्व्हरवरही एसएमबी १ सुरू असू शकते. ते आहे का, हे अपग्रेडनंतर स्वतः तपासायला हवे.

गैरसमज ५ : नव्यात जुने सगळे असतेच, वर आणखी काही मिळते.

वस्तुस्थिती : प्रत्येक आवृत्तीत काही गोष्टी काढल्याही जातात. मायक्रोसॉफ्ट आधी एखादी सोय ‘यापुढे विकसित होणार नाही’ असे जाहीर करते आणि पुढे कधी तरी ती काढून टाकते. या दोन पायऱ्या वेगळ्या आहेत. अपडेट वाटपाची डब्ल्यूएसयूएस ही सोय २०२४ मध्ये पहिल्या पायरीवर आली, तरी २०२५ मध्ये ती चालते. एसएमटीपी सर्व्हर ही सोय मात्र २०२५ मध्ये उरलेलीच नाही. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून किंवा स्कॅनरमधून ईमेल पुढे पाठवायला अनेक ठिकाणी तीच वापरली जाते. सर्व्हर बदलल्यावर सोमवारी सकाळी मेल का जात नाहीत, याचे उत्तर इथे सापडू शकते. तसेच एसएमबी १ खेरीज दुसरे काही न समजणारे जुने झेरॉक्स-स्कॅनर यंत्र नव्या सर्व्हरवरच्या फोल्डरमध्ये कागद टाकू शकत नाही. अशा वेळी सर्व्हरवर एसएमबी १ पुन्हा सुरू करणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट उपाय.

गैरसमज ६ : लायसन्स एकदा घेतले, आता कितीही जणांनी वापरावे.

वस्तुस्थिती : इथे हिशेब तीन पातळ्यांवर असतो आणि आवृत्तीनुसार तो बदललाही आहे. २०१२ चे एक लायसन्स दोन प्रोसेसरपर्यंत चालत असे. २०१६ पासून मोजणी कोअरवर आली : दर प्रोसेसरला किमान ८ आणि दर सर्व्हरला किमान १६ कोअर. चार कोअरचे छोटे यंत्र असले तरी सोळाचे पैसे, आणि चोवीस कोअरचे असेल तर चोवीसचे. स्टँडर्ड लायसन्सवर दोन व्हर्च्युअल मशीन चालवता येतात. आणखी दोन हवी असतील तर सगळ्या कोअरचे लायसन्स पुन्हा घ्यावे लागते.

दुसरी पातळी ‘कॅल’ची, म्हणजे सर्व्हरशी जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक व्यक्तीच्या किंवा उपकरणाच्या परवान्याची. नवे कॅल जुन्या सर्व्हरला चालते, जुने कॅल नव्या सर्व्हरला चालत नाही. २०१२ च्या कॅलवर २०१२ आर टू वापरता येते, २०१६ नाही. कोटेशनमध्ये सर्व्हरची किंमत असते आणि कॅलची ओळ गायब असते, असे अनेकदा दिसते.

तिसरी पातळी रिमोट डेस्कटॉपची. त्यासाठी वेगळे कॅल लागते आणि त्यालाही आवृत्तीचा हाच नियम आहे. विंडोज सर्व्हरमध्ये एका वेळी दोन रिमोट जोडण्या मिळतात, पण त्या सर्व्हरच्या देखभालीसाठी असतात, रोजच्या टॅलीसाठी नसतात.

एक दिलाशाची बाबही आहे. नव्या आवृत्तीचे लायसन्स घेऊन त्यावर जुनी आवृत्ती चालवण्याचा हक्क मिळतो. तुमचे सॉफ्टवेअर अजून २०२५ वर तपासलेले नसेल, तर २०२५ चे लायसन्स घेऊन २०२२ चालवता येते आणि पुढे तयारी झाली की वर जाता येते.

गैरसमज ७ : डीव्हीडी घातली, ‘नेक्स्ट’ दाबत गेलो की कोणत्याही जुन्या आवृत्तीवरून नव्यावर जाता येते.

वस्तुस्थिती : २०२२ पर्यंत एका दमात दोनच पायऱ्या चढता येत. २०१२ आर टूवरून २०१९ वर थेट जाता येई, २०२२ वर नाही. २०२५ ने ही मर्यादा सैल केली आणि २०१२ आर टूपासून थेट वाट दिली. पण त्याआधीच्या २०१२ ला ती वाट नाही.

सर्व्हर डोमेन कंट्रोलर असेल, म्हणजे सगळ्या कार्यालयाचे लॉगिन ॲक्टिव्ह डिरेक्टरीतून तोच सांभाळत असेल, तर नियम आणखी कडक. नवा कंट्रोलर जोडला म्हणून ॲक्टिव्ह डिरेक्टरीची कार्यपातळी आपोआप वर जात नाही. सगळे जुने कंट्रोलर निघाल्यावर ती हाताने वाढवावी लागते. २०१९ आणि २०२२ यांनी नवी पातळी आणलीच नाही. २०१६ नंतरची पातळी आली ती थेट २०२५ मध्ये. आणि २०२५ चा कंट्रोलर जोडायचा तर डोमेन आधी २०१६ च्या पातळीवर हवे. डोमेन २००३ च्या काळापासून चालत आलेले असेल तर धोरणांच्या फायली अजून एफआरएस या जुन्या पद्धतीने एकमेकांकडे जात असू शकतात. २०१९ आणि पुढच्या आवृत्त्या ती पद्धत स्वीकारत नाहीत, त्यामुळे आधी डीएफएसआर पद्धतीवर यावे लागते.

गैरसमज ८ : सर्व्हर कोअर म्हणजे अपुरे इन्स्टॉलेशन.

वस्तुस्थिती : डेस्कटॉप नसलेला हा प्रकार २००८ पासून आहे. घटक कमी, म्हणून पॅच आणि रिस्टार्टही कमी. २०१२ मध्ये कोअर आणि डेस्कटॉप यांत मागाहून अदलाबदल करता येत असे. २०१६ पासून ती सोय गेली, त्यामुळे निवड इन्स्टॉल करतानाच नीट करावी. टॅलीसारखे काम असेल तर डेस्कटॉपच हवा.

कोटेशनवर सही करण्यापूर्वी कामाचा क्रम असा ठेवावा. आधी बिल्ड आणि मुदतीची तारीख पाहा. मग आपल्या सॉफ्टवेअरच्या कंपनीकडून ते कोणत्या आवृत्तीवर तपासले आहे, हे लेखी घ्या. तिसरे, कोअर, कॅल आणि रिमोट डेस्कटॉप कॅल या तिन्ही ओळी कोटेशनमध्ये आहेत का ते बघा. चौथे, एसएमबी १ ने कोण कोण जोडले जाते याची नोंद काही आठवडे ठेवा. २०१६ पासून पॉवरशेलमध्ये त्यासाठी सोय आहे. शेवटी बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या यंत्रावर परत उभा करून दाखवायला सांगा. जमत असेल तर अपग्रेड न चढवता नव्या यंत्रावर नवे इन्स्टॉलेशन करा आणि डेटा हलवा. वेळ जास्त लागतो, पण जुन्या सेटिंग जुन्या यंत्रावरच राहतात. २०१९ किंवा २०२२ व्यवस्थित पॅच होत असेल, तर केवळ २०२५ आली म्हणून घाई करण्याचे कारण नाही. २०१२ आर टू किंवा त्याहून जुने काही चालू असेल, तर ‘चालतोय ना’ हे उत्तर पुरेसे नाही.