गव्हाच्या बाजारात गहू वर्ज्य

कळमन्याच्या धान्यबाजारात ऐन हंगामात पाऊल टाकले की धान्य दिसण्याआधी धूळ जाणवते. तूर, चणा, सोयाबीन, धान, मिरची आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी गव्हाचे ढीगच्या ढीग. हर्रासाचा गलका, हमालांची धावपळ, बारदान्याचा वास. आमचे बाबा तेथे मापारी आहेत. दिवसभर ते गव्हातच उभे असतात म्हणावयास हरकत नाही. कोणता शरबती, कोणता लोकवन, हे ते मूठभर दाणे तळहातावर घेऊन सांगतात. (लोकवनचा जंगलाशी संबंध नाही, हे मला बी. ए.ला आल्यावर कळले. गुजरातेतील सणोसरा येथील लोकभारती संस्थेने काढलेले 'लोक-१' हे ते वाण; इंग्रजी 'वन'चे मराठीत वन झाले, इतकेच.) अशा घरातील माझ्या धाकट्या बहिणीला गव्हाचा कण वर्ज्य आहे, आणि तोही जन्मभर, हे कळले त्या दिवशी आजी संतापून म्हणाली, "पोळी नाई द्यायची म्हंजे पोरीले उपाशी मारता काय?"

या व्याधीचे नाव सिलिअ‍ॅक. मी विज्ञानाची विद्यार्थिनी नव्हे. गृहअर्थशास्त्र घेतल्यामुळे आहारशास्त्राशी तोंडओळख आहे, एवढाच माझा अधिकार. परंतु गेल्या दोन वर्षांत घरी जे शिकावे लागले ते वर्गातील मैत्रिणींना सांगू लागले, तेव्हा दोघी-तिघींनी आपापल्या घरातील कोणा अशक्त, फिकट भावंडाची आठवण काढली. म्हणून हा लेख.

आधी ग्लुटेन म्हणजे काय ते पाहू. त्याकरिता प्रयोगशाळेची गरज नाही. भिजवलेल्या कणकेचा गोळा पाण्यात धरून हळूहळू चोळावा. पांढरे पाणी निघून जाते तो स्टार्च. शेवटी हातात रबरासारखा एक चिवट लगदा उरतो, तेच ग्लुटेन. गव्हातील हे प्रथिन. याच्याच बळावर पोळी लाटता येते, पाव फुगतो, आणि आपल्या नागपूरची लंबी रोटी हातावर झेलत झेलत पालथ्या मडक्यावर टाकता येते. ज्वारीत ते नाही, म्हणून भाकर थापावी लागते. गव्हाखेरीज जव म्हणजे बार्ली, आणि आपल्याकडे न पिकणारे राय नावाचे धान्य, यांतही त्याच कुळातील प्रथिने असतात.

ग्लुटेन पूर्णपणे पचवणे कोणाच्याच पोटाला जमत नाही. त्याचे काही तुकडे तसेच राहतात. तुम्हाआम्हाला त्याचे काही वाटत नाही. परंतु ज्यांच्या अंगी विशिष्ट आनुवंशिक ठेवण आहे, त्यांच्यापैकी काहींचे शरीर या तुकड्यांना शत्रू समजते आणि त्यांच्यावर हल्ला करताना स्वतःच्याच लहान आतड्याला इजा करते. आतड्याच्या आतील अस्तरावर मखमलीच्या लवेसारखे असंख्य सूक्ष्म अंकुर असतात. अन्नरस शोषून घेण्याचे काम त्यांचे. ते झिजून सपाट होतात. मग ताटात कितीही वाढले तरी अंगी लागत नाही. ही गव्हाची अ‍ॅलर्जी नव्हे आणि 'गहू उष्ण पडतो' यातला प्रकारही नव्हे.

हा शोध लागला तो एका डच बालरोगतज्ज्ञामुळे. विलेम डिके हे त्याचे नाव. अशी मुले पावाने बिघडतात हा संशय त्याला १९३० नंतरच्या दशकातच आला होता. पुढे १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे हॉलंडमध्ये भीषण उपासमार झाली. लोकांनी ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले. पाव मिळेना, त्या दिवसांत ही आजारी मुले मात्र सुधारल्याचे दिसले. पाव पुन्हा मिळू लागताच ती पुन्हा आजारी पडली. १९५० साली डिकेने उत्रेख्त विद्यापीठाला आपला प्रबंध सादर केला. देश उपाशी असताना रोग्याने बाळसे धरावे, हा दैवदुर्विलासच!

आता मुख्य अडचण. हा रोग स्वतःच्या नावाने क्वचितच येतो. पुस्तकात जुलाब, फुगलेले पोट, वजन घटणे ही लक्षणे दिलेली असतात. माझ्या बहिणीला यांतले जवळजवळ काही नव्हते. ती फिकी होती. तेरा वर्षांची असून नऊची दिसायची. तोंड वरचेवर येई. मुलींचे रक्त कमी असणे आपल्याकडे इतके सर्रास आहे की त्याचे कारण शोधावे असे कोणाला वाटतच नाही. लोहाच्या गोळ्या हाती ठेवल्या जातात. आपल्या विदर्भात सिकलसेल बराच आढळतो, म्हणून ती तपासणी झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. ती निर्दोष निघाली. पुन्हा गोळ्या. दीड वर्ष गोळ्या खाऊनही रक्त वाढेना, तेव्हा तिसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरांनी विचारले, "गोळी पोटात जाते, पण पोटातून रक्तात जाते का, हे कोणी पाहिले?" लोह शोषले जाते ते लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, आणि सिलिअ‍ॅकचा पहिला घाव तेथेच बसतो. हे एवढे सोपे वाक्य आम्हाला दीड वर्ष कोणी सांगितले नव्हते.

लोहाप्रमाणेच कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व कमी पडले की हाडे ठिसूळ होतात. म्हाताऱ्यांचा समजला जाणारा हा विकार अशा रोग्यांना तिशीतही गाठतो. मुलांची उंची खुंटते, मुलींना पाळी उशिरा येते. लग्नानंतर मूल न होणे किंवा वारंवार गर्भपात होणे यामागेही काही वेळा हेच कारण निघते, आणि आपल्या समाजात त्याचा दोष कोणाच्या माथी मारला जातो ते सांगायला नको. दातांच्या चकाकीवर डाग पडणे, यकृताच्या तपासणीत विनाकारण वाढ दिसणे, हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणे, कोपर-गुडघ्यांवर भयंकर खाजणारे बारीक फोड, असे हे सोंग किती रूपे घेईल सांगता येत नाही. ज्यांना लहानपणीच मधुमेह जडून इन्सुलिन घ्यावे लागते, किंवा ज्यांची थायरॉइड ग्रंथी शरीराच्याच हल्ल्याने मंदावते, त्यांच्यात सिलिअ‍ॅकचे प्रमाण इतरांहून अधिक असते, कारण या व्याधींची आनुवंशिक मुळे काही अंशी एकच आहेत. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांतही तो अधिक आढळतो. वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाल्यास लहान आतड्याचा एक कर्करोग होऊ शकतो; तो दुर्मीळ आहे, पण आहे.

रोग आपल्याकडचा नाही, गोऱ्या लोकांचा आहे, अशी समजूत बरीच वर्षे होती. २०११ साली दिल्ली परिसरात झालेल्या पाहणीत ९६ माणसांमागे एकाला तो आढळला. २०१६ साली देशातील तीन भागांची पाहणी प्रसिद्ध झाली. उत्तरेत प्रमाण १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७, दक्षिणेत अवघे ०.१०. आनुवंशिक ठेवण सगळीकडे साधारण सारखीच. दक्षिणेच्या ताटात मात्र गहू अत्यल्प. आपण या दोहोंच्या मध्ये बसतो. आजीच्या लहानपणी त्यांच्या घरी पोळी सणासुदीला होत असे, एरवी ज्वारीची भाकर आणि भात. आता कळमन्यातल्या आमच्या गल्लीत रोजची भाकर एखाद्याच घरी थापली जाते.

निदान रक्ताच्या तपासणीने सुरू होते. शरीर स्वतःच्या ऊतींविरुद्ध तयार करत असलेली प्रतिद्रव्ये तीत मोजतात. ती वाढलेली असली की बहुधा दुर्बीण घालून आतड्याचा नमुना घेतात. येथे एक गोष्ट अत्यंत महत्त्वाची आहे: तपासणीपूर्वी गहू सोडू नये. सोडला की प्रतिद्रव्ये उतरतात, आतडे भरून येऊ लागते आणि तपासणी खोटीच निर्दोष येते. हल्ली कोणी सांगितले, कोठे वाचले म्हणून गहू सोडणारे पुष्कळ भेटतात. हौस म्हणून सोडायला माझी हरकत नाही. पण ज्याला खरा रोग आहे, त्याचा पुरावा त्यामुळे पुसला जातो.

औषध एकच, ते म्हणजे पथ्य. आणि पथ्य म्हणजे पोळी बंद, असे आम्हीही समजलो. पोळी, पाव, रवा, मैदा, शेवया, बिस्किटे सगळे थांबले. सहा महिन्यांनी रक्त थोडे वाढले, पण प्रतिद्रव्ये पुरेशी उतरेनात. डॉक्टर म्हणाले, घरात कोठून तरी गहू जातो आहे, शोधा.

येथून माझे गृहअर्थशास्त्र कामी आले.

पहिला चोर हिंगाच्या डबीत सापडला. शुद्ध हिंग इतका उग्र असतो की तो तसाच वापरता येत नाही. डिंक आणि पीठ मिसळून बांधतात. ते पीठ कित्येकदा मैद्याचे असते, कधी तांदळाचे. डबीवर बारीक अक्षरात लिहिलेले असते, पण हिंगाची डबी वाचतो कोण? चिमूट लहान खरी. पण वरणाला एक, भाजीला एक, आणि वर्षाचे ३६५ दिवस. २००७ च्या एका चाचणीत रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिले तरी आतड्याला इजा झालेली दिसली. एका पोळीत सुमारे तीन ग्रॅम धरले तर तो पोळीचा साठावा भाग झाला.

दुसरा चोर गल्लीतली गिरणी. आधीच्या बाईचा गहू निघाला की त्याच जात्यात आमची ज्वारी पडायची. ज्वारीच्या पिठात पहिली मूठभर कणीक ठरलेली. सुट्या बेसनाचीही तीच कथा. शिवाय बारदाना: काल गहू भरलेल्या पोत्यात आज ज्वारी येते, हे बाबांनीच सांगितले. आता ज्वारी घरी निवडून, धुऊन, वाळवून आजीच्या जात्यावर दळली जाते. गावाहून ते जाते आणताना आजी प्रथमच खुशीत दिसली.

तिसरा चोर तर आम्हीच प्रेमाने दाराशी आणला होता. पोर अशक्त म्हणून रोज रात्री दुधात शक्तिवर्धक पूड. तिच्यातला माल्ट म्हणजे जवाचा मोड! ज्याने खंगली तेच तिला ताकदीसाठी पाजत होतो.

यापुढची यादी ज्याची त्याने आपल्या स्वयंपाकघरात पाहावी. कुरडया गव्हाच्या चिकाच्या. सातूच्या पिठात गहू किंवा जव. सांबारवडीच्या पारीत कणीक किंवा मैदा. समोसे तळलेल्या कढईतली आलूची भजी. भाकरीला कणकेचे बोट लागलेली परात. सोया सॉस नावाने सोयाबीनचा, पण त्यात बहुधा गहू असतो. ओट्स मुळात निराळे धान्य, पण गव्हासोबत हाताळले गेल्यामुळे भरवशाचे नाही. पाकिटावर 'ग्लुटेन-मुक्त' असे छापायचे तर किलोमागे २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लुटेन असता कामा नये, असा आपल्याकडे नियम आहे. पण ती पाकिटे महाग. मापाऱ्याच्या घराला रोज परवडणारी नव्हेत.

सुदैवाने त्यांची फारशी गरज नाही. साबुदाणा, भगर, राजगिरा, शिंगाडा, म्हणजे उपवासाचे सगळे फराळ तिला चालतात. आमच्याकडे एक पोर रोज एकादशी करते असे शेजारी म्हणतात. पोहे, भात, झुणका-भाकर, पाटोडी, गोळाभात, ज्वारीच्या लाह्या, सारे आपलेच. फक्त पीठ घरचे आणि फोडणीत हिंग नाही. कठीण जाते ते लग्नात आणि महाप्रसादात. शिऱ्याचा द्रोण पुढे आला की "एवढ्याशाने काय होते?" हे वाक्य येतेच. ती तेरा वर्षांची पोर किती वेळा हात मागे घेईल? एकदा तिने घेतला नाही. दोन दिवस पोट धरून पडली, आणि आम्ही कोणी तिला रागावलो नाही.

बाबांचीही दिनचर्या बदलली. आयर्लंडमधील शेतकऱ्यांची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकात २००७ साली आली होती: पथ्य कडक, तरी रोग हटेना, गुरांच्या खाद्याची धूळ श्वासाबरोबर घशात जाऊन गिळली जात होती. ते डॉक्टरांकडून ऐकल्यापासून बाबा बाजारातून आले की मागच्या दाराने न्हाणीत जातात, कपडे बाहेरच झटकून टांगतात आणि मग धाकटीला हाक मारतात. तिची उंची वर्षभरात सात सेंटिमीटर वाढली. दाराच्या चौकटीवर खुणा आहेत.

एक गोष्ट राहिली. रोग्याच्या आईवडिलांत आणि सख्ख्या भावंडांत सुमारे दहामागे एकाला हा रोग निघू शकतो, बाहेरून काही दिसत नसले तरी. मायची आणि बाबांची तपासणी निर्दोष आली. माझी मीच पुढे ढकलत होते. आधी परीक्षा, मग स्नेहसंमेलन. खरे कारण भीती. माझेही रक्त कमीच आहे, आणि मला पोळी फार आवडते. पुढच्या सोमवारी नमुना द्यायचा आहे. तोवर गहू सोडायचा नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद आहे, म्हणून माय माझ्यासाठी वेगळ्या तव्यावर, वेगळ्या पोळपाटावर रोज दोन पोळ्या लाटते. धाकटी समोर बसून भाकर खाते आणि माझ्या ताटाकडे पाहत नाही.