नळ कोरडा म्हणजे पाइप रिकामा?

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस आज नळ-पाइपांवर बोलणार, याचं तुम्हाला नवल वाटेल. पण ऑक्टोबरात मी मिनेसोटात, मुलाकडे होतो. त्याचा कॅम्पर ट्रेलर आहे, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायचं चाकांवरचं घर. ओटा, न्हाणी, संडास, गीझर, सगळं आत. हिवाळाभर ते अंगणात उभं असतं, आणि जानेवारीत तिथे पारा उणे वीसच्याही खाली जातो.

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. पण बर्फ धरतो तिथेच पाइप फुटतो असं नाही बरं का. बर्फाचं बूच आणि बंद नळ यांच्यामध्ये पाणी कोंडतं, दाब वाढतो, आणि पाइप तिथे फाटतो. फाटतो जानेवारीत; कळतं मे महिन्यात, पंप सुरू केल्यावर.

आदल्या वर्षी मुलाने टाकी रिकामी केली, नळ सोडले, थेंबही येईना. झालं काम, असं तो समजला. उन्हाळ्यात बाहेरच्या शॉवरची नळी फुटलेली निघाली, आतली फळी भिजून फुगली.

चुकलं कुठे? मीमांसकांनी विचारलं होतं, जमिनीवर घडा नाही हे कळतं कसं? दिसत नाही म्हणून. पण अट अशी की, असता तर दिसला असता. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, यावरून काहीच ठरत नाही. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. पंपाच्या पोटात, पाइपाच्या खोलगट वळणात पाणी असलं तरी नळ कोरडाच दिसतो. ती अंधारी खोलीच!

म्हणून यंदा आम्ही रीतसर केलं. गीझर बंद करून पूर्ण गार होऊ दिला, दाब सोडला, मगच तळाचं बूच काढलं. घाई केली तर उकळतं पाणी अंगावर येतं. सगळ्यांत खालच्या तोट्या उघडल्या. मग त्या बंद करून गीझर बायपास केला, नाहीतर अँटिफ्रीझ त्यातच भरत बसतं. पंपाची नळी गुलाबी अँटिफ्रीझच्या कॅनमध्ये सोडली. हे प्रॉपिलिन ग्लायकॉलचं, पाण्याच्या पाइपांसाठीचंच हवं. गाडीच्या रेडिएटरमध्ये सहसा इथिलिन ग्लायकॉल असतं, ते विष आहे. जवळच्या नळापासून दूरच्या नळाकडे, गरम-थंड दोन्ही बाजू, शॉवर, संडासाचा फ्लश, एकेक गुलाबी येईपर्यंत उघडा ठेवला. शेवटी प्रत्येक मोरीत थोडं ओतलं, कारण जाळीखालच्या वाकात पाणी असतंच.

म्हणजे बघा, ‘पाणी नाही’ हे ठरवायला नुसतं न दिसणं पुरलं नाही. त्याच्या जागी दुसरं काही आलेलं दिसावं लागलं.

बाहेरचा शॉवर मी स्वतः उघडला. तो केव्हाच कोरडा झाला होता, असं आम्ही धरून चाललो होतो. आधी त्यातून स्वच्छ पाणी आलं, चांगलं ओंजळभर. गुलाबी नंतर.