एक लायब्ररी बदलली, की सगळ्यांनी का हलायचं?

आता प्रश्न असा, की जुनी आणि नवी लायब्ररी शेजारी-शेजारी ठेवली तर बिघडलं कुठं? डेबियनमधलं ओपनएसएसएल घेऊ. १.१ आणि ३ यांच्या फाइलींची नावं वेगळी. डिस्कवर त्या सुखानं नांदतात. पण समजा, प्रोग्राम स्वतः नवी वापरतो आणि त्याला लागणारी दुसरी एखादी लायब्ररी अजून जुनीच ओढून आणते. मग एकाच मेमरीत दोन्ही येतात. एकीनं तयार केलेला डेटा दुसरीच्या हाती गेला, की प्रोग्राम कोसळू शकतो. म्हणून अवलंबून असलेली सगळी पॅकेजेस आपण रीबिल्ड करतो आणि शक्यतो एकत्रच पुढं सोडतो. एक अडलं, की बाकीचीही रखडतात. काम कंटाळवाणं आहे खरं; पण १.१.१ चा सार्वजनिक सपोर्ट सप्टेंबर २०२३ मध्ये संपला. जुन्यावर थांबणं म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्यांवर पाणी सोडणं.