डोळ्याची पुढची काच

विहिरीत बुडी मारून डोळे उघडले, की सारे धूसर दिसते. पाणी नितळ असते, डोळाही तोच असतो. मग असे का व्हावे?

डोळ्यातील भिंगामुळे प्रतिमा तयार होते, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. परंतु प्रकाशकिरण वळवण्याचे सुमारे दोन-तृतीयांश काम बुबुळापुढील पारदर्शक पडदा करतो. हा पडदा म्हणजे पारपटल, अर्थात कॉर्निया. त्याची जाडी मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर! त्यात रक्तवाहिन्या नाहीत, म्हणूनच तो काचेसारखा स्वच्छ राहतो. लागणारा प्राणवायू मुख्यतः अश्रूंत विरघळलेल्या हवेतून मिळतो. पापणी दर वेळी मिटताना या काचेवर अश्रूंचा पातळ थर पसरवते.

आता थोडे गणित करू. पारपटलाचा वक्रीभवनांक १.३७६ आणि पुढच्या पृष्ठभागाची वक्रतात्रिज्या सुमारे ७.७ मिलिमीटर, म्हणजे ०.००७७ मीटर. हवेत या पृष्ठभागाची शक्ती (१.३७६ − १) ÷ ०.००७७, म्हणजे सुमारे ४९ डायॉप्टर येते. मागचा पृष्ठभाग त्यातून सुमारे ६ वजा करतो, उरतात ४३. संपूर्ण डोळ्याची शक्ती सुमारे ६० असते. पाण्यात १ च्या जागी १.३३ घालून पाहा. पुढच्या पृष्ठभागाची शक्ती ६ वर येते आणि वजाबाकीनंतर जवळजवळ काहीच उरत नाही!

वर्तुळे काय सांगतात?

पारपटलाच्या आकारावर एवढे अवलंबून असेल, तर तो तपासायचा कसा? पोर्तुगालचे नेत्रवैद्य आंतोनिओ प्लासिदो यांनी १८८० च्या सुमारास एक सोपी युक्ती वापरली. चकतीवर काळी-पांढरी समकेंद्री वर्तुळे आणि मध्ये पाहण्यासाठी भोक. पारपटल बहिर्वक्र आरशासारखे वागते व त्यात वर्तुळांची प्रतिमा दिसते. पृष्ठभाग जिथे अधिक वक्र, तिथे वर्तुळे एकमेकांजवळ येतात. पुठ्ठ्याची अशी चकती तुम्हीही करू शकाल. मित्राला खिडकीकडे पाठ करून बसवा, म्हणजे उजेड चकतीवर पडेल. आजची संगणकजोड यंत्रेही अशीच वर्तुळे वापरतात.

काही मुलांत, बहुधा पौगंडावस्थेत, पारपटल पातळ होऊन शंकूसारखे पुढे येऊ लागते. चष्म्याचा नंबर वारंवार बदलतो, तरी नीट दिसत नाही. विकार फार वाढल्यावर खाली पाहताना खालची पापणी इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी पुढे ढकललेली दिसते. डोळे सतत चोळण्याच्या सवयीचा या विकाराशी संबंध आढळला आहे.

त्यावर कडक स्पर्शभिंग बसवतात. भिंग व पारपटल यांमधील खाचखळगे अश्रू भरून काढतात आणि किरणांना पुन्हा गुळगुळीत पृष्ठभाग मिळतो. विकार वाढत असेल, तर डोळ्यात ब-२ जीवनसत्त्वाचे थेंब घालून त्यावर मोजून जंबुपार किरण सोडतात. त्यामुळे पारपटलातील प्रथिनतंतूंत नवे बंध तयार होतात आणि ते ताठ होते. वाढ थांबवणे हा यातला मुख्य हेतू. म्हणून निदान जितके लवकर, तितके बरे.

ओरखडा आणि थेंब

उसाचे पाते किंवा भाताचे तूस डोळ्याला लागले, तर ओरखडा साध्या डोळ्यांना दिसेलच असे नाही. डॉक्टर फ्लुओरेसीन हे रंगद्रव्य घालून निळा प्रकाश टाकतात. जखमेची जागा हिरवी चमकते. अशा जखमेतून बुरशी शिरू शकते. घरात पडून असलेले स्टेरॉइडचे थेंब अशा वेळी घातले, तर लाली तात्पुरती कमी होते. पण बुरशी फोफावते आणि काचेवर कायमचा पांढरा डाग राहू शकतो.

डाग मधोमध असेल, तर बहुधा दुसऱ्याचे पारपटल बसवावे लागते. असे पहिले यशस्वी रोपण १९०५ मध्ये ओलोमोउत्स येथे एडुआर्ड झिर्म यांनी केले. ही काच अजून कोणत्याही कारखान्यात हवी तशी घडवता येत नाही. ती बहुतेक वेळा मृत्यूनंतरच्या नेत्रदानातूनच मिळते. साधारणपणे सहा तासांच्या आत नेत्रपेढीने डोळे घ्यावे लागतात. चष्मा असलेल्यांना किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांनाही नेत्रदान करता येते. घरातील मोठ्यांशी याविषयी आजच बोला, आणि डोळा खुपू लागला तर चोळू नका!