रिळाचा कॅमेरा (भाग ६) : मधली खूण कुणावर आहे?

मागच्या आठवड्यात रोल भरणं आणि सेल निवडणं पाहिलं. आज फोकस. ऑटोफोकसच्या छोट्या कॅमेऱ्यात सर्वांत जास्त फोटो इथेच वाया जातात, आणि बहुतेक वेळा लेन्स निर्दोष असते. कॅमेरा नेमकं कशाचं अंतर मोजतो आहे हे त्याला सांगायचं राहून गेलेलं असतं.

आधी एक खात्री करून घ्या. आपल्याकडे घरोघरी असलेले याशिका एमएफ-२ किंवा कोडॅक केबी-१० हे ऑटोफोकस कॅमेरे नव्हेत. त्यांची लेन्स एका जागी पक्की बसवलेली असते आणि सव्वा-दीड मीटरपलीकडचं सगळं साधारण बरं दिसेल अशी तिची योजना असते. कॅमेऱ्यावर ‘फोकस फ्री’ लिहिलं असेल तर तो याच जातीचा. पुढचं वाचा, पण त्याच्याकडून फोकसची अपेक्षा करू नका.

खरे ऑटोफोकस कॅमेरे दोन प्रकारचे. १९७७ साली आलेला कोनिका सी-३५ एएफ हा मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला पहिला. तो दोन छोट्या खिडक्यांतून दिसणारी दृश्यं एकमेकांशी ताडून अंतर ठरवायचा. त्याला उजेड लागतो आणि समोर काही रेघा, कडा, नक्षी लागते. १९७९ च्या कॅनन एएफ-३५एम ने दुसरी वाट धरली. तो एका खिडकीतून अवरक्त किरण सोडतो आणि ते समोरच्या वस्तूवर आपटून कोणत्या कोनातून परत येतात त्यावरून अंतर काढतो. हा अंधारातही चालतो. आपला कॅमेरा कोणता, हे रोल भरण्याआधी तपासता येतं. मोबाइलचा सेल्फी कॅमेरा त्याच्या खिडकीसमोर धरा आणि बटण दाबा. मोबाइलच्या पडद्यावर जांभळट ठिपका चमकला, तर बहुधा किरणवाला.

आता भंडारदऱ्याला चला. विल्सन धरणाजवळ दोघं शेजारी शेजारी उभे आहेत. आपण दोघांनाही चौकटीत नीट बसवतो, आणि बरोबर मध्यभागी येते ती दोघांमधली फट. कॅमेरा त्या फटीतून मागच्या डोंगराचं अंतर मोजतो. रोल धुऊन आला की डोंगर खणखणीत आणि माणसं पुसट. मे महिन्याच्या उन्हात लेन्सचं छिद्र बारीक होतं, त्यामुळे ही चूक थोडीफार झाकली जाते. ऑगस्टच्या ढगाळ हवेत छिद्र मोठं उघडतं आणि मग लपायला जागा उरत नाही.

उपाय सगळ्यांना ऐकून माहीत असतो, पण हाताला वळण लागत नाही. डोळा लावतो त्या खिडकीत मध्यभागी दिसणारी खूण दोघांपैकी एकाच्या छातीवर आणा, कॅमेरा तिथलंच अंतर मोजतो. बटण अर्धं दाबा. हिरवा दिवा स्थिर झाला की बोट न उचलता चौकट पुन्हा हवी तशी फिरवा, मग पूर्ण दाबा. दिवा लुकलुकत राहिला तर बहुतेक कॅमेऱ्यांत त्याचा अर्थ एकच, आपण फार जवळ आहोत. एक पाऊल मागे या. रिकाम्या कॅमेऱ्यावर याचा घरात सराव करा, त्याला पैसे पडत नाहीत.

नगर जिल्ह्यात या खुणेची परीक्षा पाहणाऱ्या जागा पुष्कळ आहेत. उसाच्या फडात तोडणी चालू असते, कोयतेवाले चार-पाच मीटरवर, आणि आपल्या नाकासमोर एक पात आडवी आलेली. मध्यभागी ती आली की कॅमेरा तिलाच धरतो. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे टिपताना पाण्यावरची उन्हाची तिरीप किरणवाल्या कॅमेऱ्याला चकवते, तेव्हा तिच्याऐवजी तेवढ्याच अंतरावरच्या कोरड्या खडकावर अर्धं बटण दाबून परत या. काळ्याभोर म्हशीच्या अंगावरूनही किरण फारसे परतत नाहीत. तिच्या दोरीवर, नाहीतर शेजारी उभ्या माणसाच्या सदऱ्यावर खूण न्या.

एसटीच्या बंद खिडकीतून इमामपूर घाट टिपायचा असेल, तर किरणवाला कॅमेरा काचेलाच समोरची वस्तू समजू शकतो. पुष्कळ कॅमेऱ्यांवर डोंगराचं चित्र असलेलं बटण असतं, ते दाबलं की लेन्स थेट दूरवर जाते. कळसूबाईवर धुकं असेल तेव्हाही हेच बटण कामाचं. ताडून पाहणाऱ्या कॅमेऱ्याला धुक्यात किंवा चुना दिलेल्या कोऱ्या भिंतीवर पकडायला काही सापडत नाही. त्याला बहुतेक वेळा उभ्या कडा लवकर कळतात. समोर नुसत्या आडव्या रेघा असतील, म्हणजे धरणाची भिंत किंवा घाटाच्या पायऱ्या, तर कॅमेरा उभा धरून अर्धं बटण दाबा आणि मग आडवा करा.

रेहेकुरीच्या काळविटांसाठी काही जण लांब झूमचा छोटा कॅमेरा नेतात. मला तो मोह टाळावासा वाटतो. झूम पूर्ण लांबवली की यांच्या लेन्सचं छिद्र फार लहान होतं, शटर मंदावतं आणि हात हलल्याचं प्रिंटवर दिसतं. नेणारच असाल तर ४०० चा रोल भरा. काजव्यांचं मात्र स्पष्ट सांगतो. पावसाळ्याच्या तोंडावर भंडारदऱ्याच्या झाडांवर काजवे लखलखतात, तिथे हा कॅमेरा बाहेर काढू नका. लांब वेळ शटर उघडं ठेवणं बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांना जमत नाही, आणि आपोआप उडणारा फ्लॅश काजव्यांच्या मीलनाच्या खुणांमध्ये व्यत्यय आणतो.

हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराच्या गुहेत पाण्यात मोठं शिवलिंग आहे आणि चार खांबांपैकी एकच शाबूत आहे. तिथे फ्लॅश उडाला की जवळचं पाणी चमकतं आणि मागचा अंधार तसाच राहतो. फ्लॅश बंद करा, कॅमेरा खडकावर टेकवा, खांबाच्या उजेडातल्या कडेवर फोकस धरा आणि सेल्फ टायमरने फोटो घ्या, म्हणजे बोटाचा धक्का लागणार नाही. बऱ्याच कॅमेऱ्यांत बंद केलेला फ्लॅश कॅमेरा मिटून पुन्हा उघडला की आपोआप सुरू होतो, तेव्हा प्रत्येक वेळी पाहून घ्या. फ्लॅश किती लांब पोहोचतो याचा हिशेब पुढच्या भागात.