वयाआधी वयात येणे

“इंजेक्शन पाळी थांबवण्याचे, आणि त्यातले औषध म्हणे पाळी सुरू करणाऱ्या द्रव्यासारखेच! डॉक्टर, हे कसे?” लहान मुलींचे पालक मला हा प्रश्न विचारतात. प्रश्न रास्त आहे.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका म्हणजेच पिट्यूटरी ग्रंथी असते. तिला सर्व ग्रंथींची राणी म्हणतात. पण ही राणीसुद्धा हुकमाची ताबेदार! तिच्या वरच्या बाजूचा हायपोथॅलॅमस हा मेंदूचा भाग तिच्याकडे रक्तातून पेप्टाइडे पाठवतो. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. पीयूषिकेच्या पेशींवर ठरावीक जागी ती बसली, की पेशी संप्रेरके सोडतात. अशा पेप्टाइडांच्या शोधासाठी गिलेमिन आणि शॅली यांना १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

वयात येण्याचा निरोप आणणाऱ्या पेप्टाइडला जीएनआरएच म्हणतात. त्यात दहा अमिनो आम्ले असतात. ते सतत वाहत नाही. साधारण तास-दीड तासाने थोडे थोडे येते. १९७८ साली अर्न्स्ट नोबिल व सहकाऱ्यांनी माकडांवर दाखवून दिले, की ते तासातासाने दिल्यास संप्रेरके स्रवतात. सतत दिल्यास स्राव मंदावतो. दारावर थांबून थांबून थाप पडली, तर आपण दार उघडतो. अखंड बडवले, तर कानाडोळा करतो. पेशींचेही तसेच. ल्युप्रोलाइडसारखे दीर्घकाळ टिकणारे इंजेक्शन हेच साधते.

मुलीला आठ वर्षांच्या आत स्तनांची वाढ किंवा मुलाला नऊ वर्षांच्या आत वृषणांची वाढ दिसली, तर “हल्लीची मुले लवकर मोठी होतात” म्हणून गप्प बसू नका. अशी मुले आधी भराभर उंच होतात. पण हाडांची वाढ लवकर संपल्याने पुढे बुटकी राहू शकतात. क्वचित मेंदूत गाठही असते. मुलांमध्ये ही शक्यता अधिक, म्हणून तपासणी आवश्यक. प्रत्येकालाच इंजेक्शन लागते असे नाही. निरोप मेंदूकडूनच लवकर येत असेल, तरच त्याचा उपयोग.

पहिल्या इंजेक्शननंतर संप्रेरके काही दिवस वाढतात. मुलीला थोडा रक्तस्रावही होऊ शकतो. घाबरून उपचार सोडू नका, डॉक्टरांना कळवा. ठरलेली तारीख चुकवू नका. “पुढे पाळी येईल ना?” ही आईची काळजी मी समजू शकतो. इंजेक्शने बंद केल्यावर पीयूषिका पुन्हा निरोप ऐकू लागते, आणि पाळी सुरू होते.